चकवा

आमच्याकडे चकवा लागतो म्हणजे माणूस ओळखीच्याच वाटेने घरी निघतो आणि पहाटेपर्यंत एकाच आंब्याभोवती फिरत राहतो. मला तो भर दुपारी आमच्याच खळ्यात लागला. गाव गुहागरजवळचं, महिना मे, वय 44, हातात 7 नंबरचा बास्केटबॉल.

भाचा मुंबईहून सुट्टीला आला तो चेंडू काखेत घेऊनच. पहिले दोन दिवस तो मला चकवत होता. तो डावीकडे झुकायचा, मी डावीकडे धावायचो आणि तो उजवीकडून निघून जायचा. माझं धावणं गोठ्यापाशी थांबायचं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आता मला शिकव.

"मामा, तळवा लावायचा नाही, बोटांच्या पेरांनी ढकलायचं. गुडघे वाकव. आणि खाली बघू नकोस."

खाली बघू नकोस! जांभ्याच्या ज्या फटीतून केव्हाही फुरसं निघेल, तिथे जन्म काढलेल्या माणसाला हे सांगायचं? शिवाय सारवलेलं खळं. चेंडू एकदा गुडघ्याएवढा उसळतो, एकदा जमिनीलाच चिकटून बसतो.

मग क्रॉसओव्हर. खांदा एकीकडे टाकायचा, समोरच्याचा भार त्या पायावर गेला की चेंडू जमिनीलगत आपटून दुसऱ्या हातात घ्यायचा आणि सुटायचं. 1997 साली नवख्या ॲलन आयव्हर्सनने खुद्द मायकेल जॉर्डनला असंच हलवलं होतं. भाच्याने ते मोबाइलवर सात वेळा दाखवलं. माझ्या बाबतीत खांदा डावीकडे जायचा, चेंडू उजवीकडे, आणि मी तिथेच शिल्लक राहायचो.

1891 मध्ये अमेरिकेत नेस्मिथ मास्तरांनी हा खेळ काढला तेव्हा चेंडू घेऊन धावायलाच बंदी होती. जिथे धरला तिथूनच फेकायचा. किती समंजस माणूस! पुढे कुणाला तरी तो आपटत पळायची अवदसा आठवली, त्याची वसुली माझ्या गुडघ्यांकडून चालली होती.

आठवडाभराने चेंडू हाताला जरा ओळख देऊ लागला. खळ्याच्या टोकाला आई आमसुलं राखत बसली होती. आगळाचं तिसरं पुट देऊन सुपात पसरलेली, आणि हातात कावळे हाकायची काठी. भाचा म्हणाला, "आजीला चकवून दाखव."

आई उठून उभी राहिली. मी खांदा डावीकडे टाकला. ती हलली नाही. उजवीकडे टाकला. ढिम्म.

"अगं, चेंडूकडे बघ ना!"

"चेंडूकडे कशाला बघू? मी तुझ्या कमरेकडे बघत्ये. सुटलेलं वासरू मानेने कितीही नाचलं तरी कंबर जाईल तिकडेच जातं."

भाच्याचा चेहरा पडला. त्याच्या कोचनेही म्हणे हेच सांगितलं होतं, पण दोन महिन्यांनी.

मी शेवटची हुलकावणी दिली. कंबर उजवीकडे गेली, काठी उजवीकडे आली, आणि चेंडू आपल्या मर्जीने सरळ सुपात.

आईने तो उचलला. चिकटलेली दोन आमसुलं सोडवून सुपात टाकली. मग नारळ कानाशी धरून हलवतात तसा चेंडू हलवून पाहिला.

"पोकळ आहे," ती म्हणाली. बघत मात्र माझ्याकडे होती.