चार वर्षं महापालिकेचं मतदान नाही, आणि उदासीन म्हणे आम्ही!

कुणी 'मतदार राजा' म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. कसला राजा? आमच्या गल्लीत चेंबरचं झाकण तुटलं म्हणून तक्रार केली. लगेच मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' बाहेर जाऊन बघतो तर झाकण तसंच! भोकात झाडाची फांदी खोचून तिला लाल चिंधी बांधलेली, तीही शेजारच्या काकांनी. वॉर्ड ऑफिसात गेलो, तर साहेब मान वर न करता म्हणतात, "नगरसेवकाचं पत्र आणा, होऊन जाईल." अहो, आणू कुठून? तेव्हा शहरात नगरसेवक होते कुठे?

आणि हे काही दोन-चार महिन्यांचं नव्हतं. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली. मतदान कधी झालं? १५ जानेवारी २०२६ ला. संविधानाच्या कलम २४३-यू मध्ये स्वच्छ लिहिलंय की मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक उरकलीच पाहिजे. इथे कधी ओबीसी आरक्षण, कधी प्रभागरचना, कधी कोर्टाची पुढची तारीख. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने 'चार महिन्यांत घ्या' म्हटलं, तर त्यालाही मुदतवाढ! मी घरपट्टी थकवली तर दंड चढत जातो. यांनी अख्खी निवडणूक थकवली, त्याचा दंड कुणाकडून वसूल करायचा?

तोवर सगळा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हातात. मुंबईचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर. ते मांडणारं प्रशासन, मंजूर करणारंही प्रशासनच. 'हा खर्च कशाला?' असं सभागृहात उठून विचारायला लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. नगरसेवक काही साधुसंत नसतात, टक्केवारीच्या गोष्टी आपल्याला कुणी नव्याने सांगायला नकोत. पण निदान त्याला रस्त्यात गाठून चार शब्द सुनावता येतात. 'मत मागायला येशीलच' म्हणून दम देता येतो. प्रशासकाला काय दम देणार? त्याची फार तर बदली होते. त्याला पाडता येत नाही.

चौकात फ्लेक्स मात्र कमी नव्हते. भावी नगरसेवकाचा वाढदिवस, भावी नगरसेवकाच्या शुभेच्छा, खाली पंधरा-वीस हसरी डोकी. 'निवडणूक का होत नाही?' असं विचारणारा एक फ्लेक्स मला तरी दिसला नाही. सत्तेतल्यांचं सोडा, विरोधकांनी तरी कुठे आकाशपाताळ एक केलं?

आणि मतदानाची तारीख पडल्यावर हीच मंडळी आम्हाला शिकवायला लागली. मतदान पवित्र कर्तव्य आहे, सुट्टी समजून फिरायला जाऊ नका, शहरी मतदार फार उदासीन हो! वा रे वा. चार वर्षं महापालिकेच्या मतदानाची शाई आमच्या बोटाला लागू दिली नाहीत तुम्ही, आणि उदासीन आम्ही?