मेगाअपलोड बंद झाले ते ‘सोपा’मुळे नव्हे

‘अमेरिकेत २०१२ मध्ये सोपा कायदा लागू झाला आणि त्याच्याच जोरावर मेगाअपलोड बंद पाडले’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. (मेगाअपलोड म्हणजे फाइल साठवण्या-वाटण्याची वेबसाइट, सोपा म्हणजे ऑनलाइन पायरसी रोखण्यासाठी मांडलेला कायद्याचा प्रस्ताव.) सोपा आणि सिनेटमधले त्याचे भावंड पिपा ही शेवटपर्यंत विधेयकेच राहिली. सभागृहात मतदानच झाले नाही. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडियाने निषेध म्हणून २४ तास पाने झाकली, २० तारखेला दोन्ही विधेयके पुढे ढकलली गेली, ती कायमचीच. गोंधळ होतो तो मधल्या दिवसामुळे. १९ जानेवारीला मेगाअपलोडचे डोमेन जप्त झाले, पण आधीपासून असलेल्या कायद्यांखाली. (विरोधकांच्या हे पथ्यावरच पडले: मग नवा कायदा हवाच कशाला?) आणि हो, सोपा फक्त सिनेमा-गाण्यांपुरते नव्हते, बनावट माल, अगदी औषधेसुद्धा, त्याच्या कक्षेत होती.