दमसास उत्तम, पण हाडांचे काय?

उतारवयातही कसून व्यायाम करणाऱ्यांची हाडे आपोआप मजबूत राहतात, असे विधान एका लेखात वाचले; ते सरसकट मान्य करता येणार नाही. हाड बळकट होते ते त्यावर पडणाऱ्या जोरदार आणि बदलत्या भारामुळे. टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरते, ते याचमुळे. उलट वर्षानुवर्षे तासन्‌तास सायकल चालवणाऱ्यांचे हृदय ठणठणीत असूनही कमरेच्या मणक्यांची घनता अनेकदा कमी आढळते, आणि त्यात आहार अपुरा पडला तर, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, झीज अधिकच वाढते. म्हणूनच पन्नाशीपुढील खेळाडूंनी वजने उचलण्याचा व्यायाम जोडीला ठेवावा आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, टाळू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते. या तपासणीतला टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेत हाडांची घनता दाखवणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली, म्हणजे हाडे ठिसूळ झालेली असल्यास उड्यांचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत.