डबकं, घोडी आणि गुळाचे काका

"मालक, तुम्ही घोडीला शिकवायलाव का घोडी तुम्हाला?"

हा प्रश्न सकाळी साडेसहाला, सोलापुरात होटगी रोडच्या मागच्या एका बोळात विचारला गेला. समोर दूधवाला, शिकवणीला निघालेली पोरं आणि दारात रांगोळी काढणाऱ्या एक मावशी. मावशी रांगोळी अर्धी टाकून हसल्या. विचारणाऱ्याचा मला आलेला राग एव्हाना थोडा उतरलाय, मावशींचा नाही.

प्रकरण एवढंच, की रस्त्याखालचा पाइप फुटून बोळात डबकं साचलंय आणि चांदणी त्यातून जात नाही. चांदणी म्हणजे चार वर्षांची मारवाडी घोडी. कानांची टोकं एकमेकांना भिडलेली, मान अशी की समोरच्यानं आपोआप बाजूला व्हावं. अकलूजच्या घोडेबाजारातून तिला आणणाऱ्या गृहस्थांना ती लग्नसराईच्या आत वरातीला उभी करायची आहे. "जरा हट्टी आहे" एवढं सांगून त्यांनी दोर माझ्या हातात दिला. डबकं चार बोटं खोल आणि सोलापुरी चादर अंथरावी एवढं.

घोडा पाण्याला अडतो तो नखरा म्हणून नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सगळा परिसर दिसतो, पण कपाळासमोरचं आणि नाकाखालचं नेमकं दिसत नाही. खोलीचा अंदाज घ्यायचा तर त्याला मान खाली घालून, थोडं मागे राहून बघावं लागतं. आपण नेमका त्याच वेळी दोर आवळून तोंड वर खेचतो. म्हणजे त्याची बघण्याची सोय काढून घ्यायची आणि वर म्हणायचं, जा. चकाकणारं पाणी डबकं आहे की विहीर, हे त्याला कळणार कसं?

म्हणून लगाम काढून ठेवायचा आणि साधी मोरकी, म्हणजे तोंडात कडी नसलेला दोरीचा साज, घालायची. दोर सुती, बारा फूट, हाताला गुंडाळायचा नाही; घोडी उधळली तर बोटं जातात. उभं राहायचं खांद्याशी, तोंड पुढे करून. समोर उभं राहून ओढायचं नाही, कारण समोरचा माणूस म्हणजे भिंत, आणि उडी मारलीच तर ती आपल्याच अंगावर येते. दोराला पुढच्या दिशेनं हलका ताण द्यायचा आणि धरून ठेवायचा. घोडीनं नुसतं अंग पुढे झुकवलं तरी त्याच क्षणी दोर सैल. शिकवतो तो ताण नव्हे, सैल होणारा दोर. तो सेकंदाच्या आत सैल व्हायला हवा. तुम्ही शाबासकीचे शब्द शोधत बसलात, तर तेवढ्यात घोडी मागे सरकलेली असते आणि बक्षीस त्या मागे सरकण्याला जातं.

ती मागे गेली तर तिच्याबरोबर मागे जायचं. ताण तेवढाच ठेवायचा, वाढवायचा नाही, सोडायचाही नाही, हिसका तर मुळीच नाही. ती थांबली, पुढे झुकली, की सैल. मग दोन श्वास काही करायचं नाही. पुन्हा तेच. बघणाऱ्याला यात बघण्यासारखं काहीच नसतं. एक माणूस आणि एक घोडी डबक्याकडे बघत उभी आहेत, एवढंच दिसतं. काका नेमके इथे येतात.

काका साठीच्या पुढचे. बंडी, पायजमा, कपाळाला भस्म. स्कूटर स्टँडवर लावून, हात मागे बांधून, क्रिकेटचा पंच उभा राहतो तसे पाय रोवून उभे. बंडीच्या डाव्या खिशात रोज सकाळी गायीला घालायचा गूळ असतो. आज गाय दिसली नव्हती, आणि पुण्य परत घरी न्यायची त्यांची तयारी नव्हती.

"मालक, जनावर उपाशी हाय."

"नाही ओ काका, कडबा खाऊन आलीय."

"कडबा म्हणजे खाणं झालं का ओ? भाकरीसंगं आपल्याला शेंगाचटणी लागतीच की."

तेवढ्यात चांदणीनं डबक्याचा वास घेतला, फुरफुरली आणि दोन पावलं मागे सरली. काका पुढे झाले आणि तिच्या तोंडात गुळाचा खडा गेला. मागे सरलं की गूळ. एवढा सोपा धडा एकाही घोड्याला दोनदा सांगावा लागत नाही. पुढच्या वेळी ती डबक्यापर्यंत गेलीच नाही. लांबूनच मागे सरली आणि काकांच्या खिशाकडे मान वळवली.

"काका, आत्ता नका देऊ. पाय पाण्यात टाकला की द्या."

"म्हणजे भ्यालेल्याला काही द्यायचं नाही, आणि धीट झालं की द्यायचं? उलटा न्याय झाला की ओ!"

मावशींनी मान डोलावली. न्यायाच्या बाजूनं बोलायचं तर काकांचं बरोबरच होतं. मी पुन्हा दोर हलका ताणला. मिनिटभर काहीच घडलं नाही. तेवढ्यानं काकांची दया संपली.

"मग दोन ठेवून द्या. आमच्या आज्याचा टांगा होता स्टेशनला. घोडं अडलं की आजा कानाखाली द्यायचा."

"जायचं का मग घोडं?"

"जायचं की! कधी जायचं, कधी आज्याला घिऊन जायचं."

गूळ आणि कानाखाली यांच्या मधलं काही काकांच्या खिशात नव्हतं. काकांना तरी काय बोलायचं, घोडे पाळणाऱ्या बहुतेकांच्या खिशात ते नसतं. डबक्यापाशी मार बसला की घोड्याच्या डोक्यात डबकं आणि दुखणं यांची गाठ बसते. आधी त्याला पाण्याची शंका होती, आता पुरावा मिळाला. आणि कधी मार, कधी गूळ, कधी "जाऊ दे, उशीर झालाय" असं चाललं, तर घोडा हुकूम पाळायचं सोडून माणसाचा मूड ओळखायला शिकतो.

ते त्याला फार चांगलं जमतं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा खुरानं ठोके देऊन गणितं सोडवायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकानं दाखवून दिलं, की घोड्याला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं. बरोबर ठोका आला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. ज्याला उत्तर माहीत नाही असा माणूस समोर उभा केला की हान्स नापास. ज्या प्राण्याला एवढं दिसतं, त्याच्यासमोर दात आवळून, श्वास रोखून "मी अगदी शांत आहे" असं सोंग करण्यात अर्थ नाही. काकांचा हात खिशाकडे वळणार हे चांदणीला काकांच्याही आधी कळत होतं.

आपली सगळ्यांत वाईट वागणूक असते दहातून एकदा तिचं ऐकण्याची. रोज मागे सरून काहीच मिळालं नाही तर घोडी तो नाद सोडते. दहा वेळा नाही आणि अकराव्या वेळी हो, असं झालं तर ती शंभर वेळा मागे सरेल. मटक्याचा आकडा लावणारा माणूस रोज हरूनही रोज जातोच ना. शिवाय नाद सुटायच्या आधी तो एकदा जोरात उसळतो. आधी नुसतं थांबणं, मग मागे सरणं, मग पुढच्या पायानं जमीन उकरणं, मग मागच्या पायांवर अर्धं उभं राहणं. इथे लोक म्हणतात, "घोडी बिघडली, आज राहू दे," आणि तिला घरी नेतात. बिघडली नव्हती, सुधारणा दोन पावलांवर होती. आता तिला एवढं कळलं, की नुसतं मागे सरून भागत नाही, अर्धं उभं राहावं लागतं. उद्या ती तिथूनच सुरुवात करते.

आणि हट्टी म्हणून आणलेल्या घोड्यांपैकी कितीतरी हट्टी नसतातच. आधी दाढांच्या धारदार कडा बघायच्या, दाढांपुढे सुळ्यासारखा बारका लांडगदात आलाय का बघायचं, कारण लगामाची कडी नेमकी तिथे टोचते. मग पाठीवरून बोटं दाबत न्यायची, तंगाखाली, म्हणजे जीन आवळायच्या पोटपट्ट्याखाली, जखम बघायची, नाल मारून सहा आठवडे उलटलेत का विचारायचं. घोड्याच्या पोटात आम्ल अखंड तयार होतं, म्हणून पाच-सहा तास वैरणीशिवाय बांधून ठेवलं की आतून सोलवटतं, आणि जीन टाकताच तो चावायला धावतो. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज पाच ते सात किलो सुकी वैरण लागते. आपल्याकडे मालक वैरणीत हात आखडतात आणि चंदीला सढळ. पाटीभर हरभरा आणि दिवसभर खुंटा. मग घोडी भिंतीवर चढली तर हट्टी म्हणायचं! कडबा मंगळवेढ्याचा चालेल, कुठलाही चालेल, पण कोवळी हिरवी ज्वारी नको. तिच्यात विष असतं आणि जनावर तडफडून जातं.

काकांना शेवटी एक काम नेमून दिलं. गूळ मुठीत धरायचा, मूठ पाठीमागे, आणि मी "हं" म्हणेपर्यंत हलायचं नाही. काका उभे राहिले. घोडीनं मान खाली घातली, डबक्यावर फुंकर मारली, पुढचा डावा पाय उचलला आणि टेकवला कोरड्यावरच.

"आता?"

"नाही काका."

तिनं पाण्यात खूर बुडवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. बुडवला, एवढं पुरेसं होतं. दोर सैल केला आणि "हं" म्हटलं. काकांनी मूठ पुढे आणली. मूठ रिकामी होती. वाट बघता बघता गूळ काकांनीच खाल्ला होता.

मी तिथेच थांबवलं. पंधरा-वीस मिनिटांच्या वर नव्या घोडीला ताणू नये, आणि जमलेल्या गोष्टीवरच सुट्टी द्यावी. उद्या तिला दोन पावलं अलीकडून सुरू करायचं. डावीकडून जमलं की उजवीकडून सगळं पहिल्यापासून, कारण एका डोळ्याला ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या डोळ्याला नवीच वाटू शकते.

पण दुसऱ्या दिवशी डबकं नव्हतं. इतके दिवस तक्रारींना दाद न देणारे लोक नेमके त्या रात्री येऊन पाइप जोडून गेले. मागे ठेवला एक खड्डा, मुरमाचा ढीग आणि काठ्यांना बांधलेली, वाऱ्यावर फडफडणारी पिवळी प्लास्टिकची फीत. फडफडणारं प्लास्टिक काय असतं हे कुठल्याही घोडेवाल्याला विचारा. चांदणी कोपऱ्यावरूनच परत फिरली.

नळाला पाणी यायचा तो वार होता. पाइप जोडण्यासाठी पुरवठा एक दिवस पुढे ढकलल्याचं सकाळी कळलं. घोडीला या उन्हात दिवसाला चाळीस लिटर तरी पाणी लागतं. टँकरवाला म्हणाला, दुपारनंतर बघू.