भावना व्यक्त करायच्यात? मग मराठीला हातच लावू नका!

मंडळी, मनातलं मराठीत बोलणं आता फारच गावंढळ दिसतं, त्यामुळे जरा चारचौघांसारखं वागायला शिका.

बायकोला फोन ठेवताना, दूधवाल्याचा हिशोब सांगून झाला की पटकन 'लव्ह यू' म्हणून टाकायचं. तेच मराठीत म्हणालात तर ती घाबरून विचारेल, अहो तब्येत बरी आहे ना?

चुकलात की 'सॉरी'. ट्रेनमध्ये धक्का लागला तरी सॉरी आणि भावाचे पैसे बुडवले तरी सॉरीच, रेट एकच.

वडिलांनी काहीही सांगितलं की 'ओके, नोटेड'.

आणि घरात कुणी गेलं तर मग काय, एकदम सोपं. परवा आमचे काका गेले. सकाळी घरच्या ग्रुपवर मेसेज पडला आणि खाली 'आरआयपी'ची ही रांग! कुणी कॅपिटलमध्ये, कुणी स्मॉलमध्ये, एकाने तर नुसता अंगठा. एका ताईंनी 'स्टे स्ट्राँग आँटी' लिहिलं, कुणाला, तर सख्ख्या काकूला, जिला उभ्या जन्मात कुणी आँटी म्हटलं नाही आणि जी नातीला विचारत होती, "ही काय म्हणतेय गं?" ज्या पुतण्याने काकांकडे राहून डिप्लोमा केला, तीन वर्षं काकूच्या हातचा डबा नेला, त्याचं पण 'आरआयपी काका' आणि हात जोडलेलं स्टिकर, आणि मग त्याच दमात कुणालातरी 'हॅपी बर्थडे डिअर', केकसकट!

बरं, हीच मंडळी ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा दिवसभर 'प्राउड मोमेंट' फॉरवर्ड करत होती. दर २७ फेब्रुवारीला तर विचारूच नका, फेटे काय, नथी काय, डीपी काय.

अरे थोडी तरी लाज बाळगा रे! इंग्रजी बोला, हवं तेवढं बोला, ऑफिसात मी पण दिवसभर तेच करतो. पण तुम्हाला इंग्रजी आवडते म्हणून तुम्ही हे लिहीत नाही, मराठीत लिहायचं तर दोन मिनिटं त्या माणसाचा विचार करावा लागतो, ते नकोय तुम्हाला. "काकू, कसं झालं हो अचानक, मी संध्याकाळी येतोय" एवढं तोंडातून निघत नाही? काकूचा नंबर त्याच ग्रुपवर आहे. लावा फोन. बोलायला काही सुचलं नाही तर नुसतं ऐका, पण ती तीन अक्षरं परत टाकू नका तिथे.