घर सोडताना मागितलेला कागद

स्टुटगार्टला आम्ही पाच वर्षं एकाच घरात राहिलो. भाडं एक तारखेला बँकेतून जायचं आणि जिना झाडायची पाळी, जिला इथे केरवोखे म्हणतात, आम्ही एकदाही चुकवली नाही. लेक झाल्यावर मोठं घर शोधायला लागलो. बहुतेक ठिकाणी तेच कागद मागायचे: तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, थकबाकीच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘शूफा’चा दाखला, आणि ‘यांच्याकडे भाड्याची बाकी नाही’ असं सध्याच्या घरमालकाचं पत्र.

पत्र मागायचं म्हणजे आपण निघालोय हे सांगणं आलं. घरमालकीण खालच्याच मजल्यावर. नवं घर हातात नसताना तिला दुखावलं, तर पुढचे महिने कसे काढायचे? आठवडाभर मी जिन्यात तिला टाळत होते. शेवटी विचारलं. ती म्हणाली, ‘‘आधी नोटीस द्या, मग पत्र देते.’’ नोटीस तीन महिन्यांची, एकदा दिली की मागे घेता येत नाही. त्या घोळात आवडलेलं एक घर दुसऱ्याला गेलं.

मग भाडेकरू संघटनेत गेले. तिथे कळलं, की 2009 साली जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने याच प्रश्नाचा निकाल दिलाय: बाकी नसल्याचं पत्र देणं मालकावर बंधनकारक नाही, भरलेल्या भाड्याची पावती मात्र मागता येते. मी बँकेतल्या साठ नोंदी छापून काढल्या. पुढच्या मालकाला तेवढ्या पुरल्या.

तेव्हापासून आपल्याकडच्या वादांकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला जागा नाकारल्यावर केवढा गदारोळ झाला, आणि राग रास्तच होता. पण मराठी की अमराठी, मांसाहारी की शाकाहारी, लग्न झालंय की नाही, या सगळ्यात तो भाडेकरू आधीच्या घरात कसा राहिला हे कुणीच विचारत नाही. आणि विचारलं, तरी दाखवायला त्याच्याकडे असतं काय?

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. परदेशी आडनाव पाहून उत्तरच न देणारे मालक मला भेटलेत. पण निदान वागणुकीचा पुरावा मागितला जातो, आणि तो पुढे करता येतो.

आमचा कोथरूडला फ्लॅट आहे. तिथे लातूरचा एक मुलगा अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार करून राहिला. निघताना त्याने बाबांकडे पत्र मागितलं, कारण नवी सोसायटी एकट्या मुलाला घ्यायला का-कू करत होती. बाबा म्हणाले, ‘‘आपल्यात असलं काही नसतं. उद्या काही झालं, तर सही माझी.’’ बाबांनी त्याचं डिपॉझिट पै न् पै परत केलं होतं, माणूस सरळ आहे. तरीही मला फार वाईट वाटलं. मी फोनवर त्यांच्याशी भांडले आणि मजकूर लिहून पाठवला: तेहेतीस महिने, भाडं वेळेवर, डिपॉझिटमधून काही कापलेलं नाही. त्याखाली सही करायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवशी त्यांनी केली.

ही मेहेरबानी असू नये. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी आता ऑनलाइन होते, पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही जाते. म्हणजे येताना त्याची सगळी कुंडली घेतली जाते, जाताना त्याच्या हाती काहीच पडत नाही. करार संपताना त्याच ठिकाणी मालकाने तीन गोष्टी नोंदवाव्यात: राहण्याचा काळ, भाड्याची बाकी, डिपॉझिट परत दिल्याची तारीख. स्वभाव, स्वयंपाक, पाहुणे यांबद्दल एक अक्षर नको. आणि भाडेकरूने मागितल्यावर हा दाखला घर सोडण्याच्या आधीही मिळायला हवा, कारण नवं घर शोधायचं असतं ते तेव्हाच.