‘सुट्टी घेणाऱ्याला काही सुचत नाही’ असं सांगणाऱ्या मजकुराला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. तो लिहिणाऱ्यांना, चित्रं काढणाऱ्यांना, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांना, गाणी बांधणाऱ्यांना उद्देशून आहे. म्हणणं थोडक्यात असं : सुचत नाही म्हणजे तुम्ही आळशी आहात. पहाटे चारला उठा, सलग बसा, दुपारी झोपू नका, 21 दिवस एकही खाडा नको, 10,000 तास भरा, भटकणं आणि खेळणं बंद करा. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस घराबाहेर न पडताच मोठे झाले, असा दाखलाही शेवटी दिलाय.

हा मजकूर निरुपद्रवी नाही. आधीच थकलेला माणूस तो वाचून आणखी दोन तास बसतो, आणि उठतो तेव्हा त्याच्याकडे कालच्याइतकंही शिल्लक नसतं. म्हणून एकेक मुद्दा पाहू.

“सुचत नसेल तर उठू नका, सलग बसा.”

यातलं अर्धं बरोबर आहे. आधी डोकं घातलेलं नसेल तर विश्रांतीतून काही निघत नाही. ग्रॅहम वॉलस यांनी 1926 मध्ये नवं सुचण्याचे चार टप्पे मांडले : तयारी, मुरणं, सुचणं, पडताळणं. मजकूर लिहिणाऱ्याने दुसरा टप्पाच गाळलाय. 2009 मध्ये सिओ आणि ऑर्मरॉड या संशोधकांनी या मुरण्यावरच्या 117 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. काम मध्ये बाजूला ठेवणाऱ्यांना फायदा होतो, आधीची तयारी लांब असेल तर तो वाढतो, आणि शब्दांच्या कोड्यांत नुसतं पडून राहण्यापेक्षा हलकं काम जास्त उपयोगी पडतं, असं त्यात दिसलं.

हे घरात असं करता येतं. तासभर नेटाने काम करा. अडलात की नेमकं काय अडलंय ते एका वाक्यात कागदावर लिहा. ‘कविता जमत नाही’ असं मोघम नको. ‘तिसऱ्या कडव्यात आई बोलते की मुलगी, ते ठरत नाही’ इतकं नेमकं हवं. फसलेले दोन-तीन प्रयत्नही खाली टिपा. मग उठून अर्धा तास हाताचं काम करा : भुईमुगाच्या शेंगा फोडा, मेथी निवडा, लसूण सोला, भरताची वांगी भाजा. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं, अशी स्थिती हवी. उधारीची वही जुळवायला बसलात तर जमणार नाही, त्यात डोकं पुरतं अडकतं. टीव्ही चालू असेल किंवा मोबाइल हातात असेल तरी हेच होतं : मोकळी झालेली जागा दुसऱ्याचं बोलणं भरून टाकतं. विश्रांती घेऊनही उपयोग झाला नाही असं सांगणाऱ्यांना आधी हे विचारावं, की त्या अर्ध्या तासात मोबाइल कुठे होता.

चालण्याचंही असंच आहे. ओपेझो आणि श्वार्ट्झ यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेले प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. वस्तूंचे नवनवे उपयोग सुचवण्याच्या चाचणीत, पहिल्याच प्रयोगात, 81 टक्के जणांची कामगिरी बसण्यापेक्षा चालताना वरचढ ठरली. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्राच्या पट्ट्यावर चालणाऱ्यांनाही फायदा झाला, आणि चालून बसल्यावरही तो काही वेळ टिकला. म्हणजे मे महिन्यात पारा 44-45 वर असताना जळगावच्या मेहरूण तलावाला फेरी मारायलाच हवी असं नाही. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पंधरा मिनिटं चाललात तरी चालेल. मात्र एकच अचूक उत्तर शोधायच्या चाचणीत चालणारे किंचित मागे पडले. म्हणून चालताना कल्पना गोळा करा. ओळ पक्की करणं, मापं काढणं, चुका तपासणं बसून करा.

“दुपारी झोपणारा कलावंत होत नाही.”

खान्देशच्या उन्हाळ्यात दुपारी दीडला कोरं डोकं घेऊन बसणं हा वेळेचा अपव्यय आहे. 2021 मध्ये फ्रान्समधल्या एका प्रयोगात लोकांना आकड्यांचं एक कोडं दिलं. त्यात सोडवण्याचा एक सोपा नियम लपवलेला होता. मध्ये वीस मिनिटं विश्रांती होती, हातात एक वस्तू धरून. डोळा लागला की ती पडून जाग यावी म्हणून. नुसत्या गुंगीत निदान 15 सेकंद गेलेल्या 83 टक्के जणांना पुढे तो नियम सापडला, जागं राहिलेल्यांपैकी 30 टक्क्यांना. त्याहून खोल झोपलेल्यांचा फायदा मात्र गेला.

यासाठी खुर्चीत रेलून बसा, हातात स्टीलची वाटी धरा, खाली ताट ठेवा. वाटी पडली की कुणाशी बोलायच्या आधी जे डोक्यात असेल ते लिहा. पाणी प्यायला उठलात तरी निसटतं. नुसता थकवा घालवायचा असेल तर आडवे व्हा आणि पंचवीस मिनिटांचा गजर लावा, त्यातली पाचेक मिनिटं डोळा लागेपर्यंतची. पाऊण-एक तास झोपलात तर गाढ झोपेतून मध्येच उठता आणि डोकं जड राहतं. तीननंतर झोपलात तर रात्रीची झोप मोडते, आणि तो तोटा दुपारच्या फायद्याहून मोठा आहे.

“21 दिवस, 10,000 तास.”

21 चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 मधल्या निरीक्षणातून आला. रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण तितके दिवस लागतात, असं ते होतं. लंडनमध्ये फिलिपा लाली यांनी सवयी प्रत्यक्ष मोजल्या तेव्हा मध्यावरचा आकडा 66 दिवस निघाला, आणि माणसामाणसांत 18 पासून 254 पर्यंत फरक. एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडलं नाही. लग्नाला गेलात, एक दिवस राहिला, तर दुसऱ्या दिवशी बसा.

10,000 तास ही बर्लिनच्या उत्तम व्हायोलिनवादकांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या रियाजाची सरासरी होती, उंबरठा नव्हे. ज्या 1993 च्या अभ्यासातून हा आकडा आला, त्यातच हेही नोंदलंय की हे वादक तुलनेने कमी तयारीच्या गटापेक्षा जास्त झोपत होते.

“केकी मूस घराबाहेर पडले नाहीत.”

ते अनेक दशकं चाळीसगावच्या आपल्या घरातच राहिले, हे खरं. पण त्या घरात छायाचित्रण होतं, चित्रं होती, शिल्पं होती. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांतून अख्खं दृश्य उभं करायचं आणि त्याचा फोटो घ्यायचा, यासाठी ते ओळखले जातात. हे शोधणंच आहे आणि खेळणंही. फक्त अंतर टेबलाएवढं.

त्यामुळे महागड्या सहलीची गरज नाही. आठवड्यातून दोन तास, एकट्याने, एक नेमकं काम घेऊन निघा. बाजारपेठेतल्या पाट्यांवर ‘ळ’ किती तऱ्हांनी काढलाय ते वहीत उतरवा. कुणाच्या गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) घालणं चालू असेल तर हात कसा फिरतो ते पाहा. एखाद्या आजीकडून आज न ऐकू येणारे पाच अहिराणी शब्द घ्या. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर गेलात तर दोन पाण्यांचा रंग वेगळा दिसतो का, एवढंच बघून या. बिघडतं ते तीन ठिकाणं एका दिवसात उरकताना, सहा जणांचा घोळका नेताना, आणि फोटो काढत राहताना. फोटो काढला की डोळा पुढे सरकतो. रेघ काढायची तर थांबून बघावंच लागतं.

“खेळ पोरांसाठी असतो.”

आखाजी, म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया, आठवा. वैशाखात रानातली कामं ओसरलेली असतात, खरिपाची लगबग पुढे असते, सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं) जुनं साल संपून नवं ठरतं. नेमक्या त्या सांध्यावर खान्देशात लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात आणि गौराईची गाणी म्हटली जातात. मोठ्या बायका झोका खेळतात, आणि झोक्याच्या लयीवर गाण्यात नव्या ओळी घालतात. सासर, भाऊ, वाट, आंबा, जे समोर येईल ते गाण्यात. तिथे चुकीची ओळ नसते. झोका परत आला की दुसरी.

तेच आपल्या कामात आणायचं तर चार अटी पाळा. वेळ पंधरा मिनिटं. नियम एकच, पण अडवणारा : चित्रकाराने डाव्या हाताने काढायचं, लिहिणाऱ्याने ‘आहे’ न वापरता पानभर लिहायचं, शिवणाऱ्याने फक्त उरलेल्या चिंध्या जोडायच्या. सामान स्वस्त हवं, पाठकोरे कागद किंवा जुनं कापड. महाग कागदावर हात आखडतो. चौथी अट लोक हमखास मोडतात : जे झालं ते स्टेटसला टाकायचं नाही. कोणी बघणार आहे असं कळलं की हात लगेच जमणाऱ्या गोष्टींकडे वळतो, आणि पंधरा मिनिटांत पुन्हा तेच नेहमीचं फूल निघतं. कागद चुलीत घाला किंवा डब्यात टाका. त्यातली एखादी रेघ चार दिवसांनी कामाच्या कागदावर उतरली, तर तेव्हा तिला ठेवा.